वासे मोजताना

कांगसबाईंच्या घरावर चढलो तेव्हा
सप्टेंबर अर्धाच उरला होता
आणि सुपीरियर सरोवरावरचा वारा
हातमोज्यांच्या शिवणी शोधत होता.
हॅनकॉकमध्ये बर्फ तारीख विचारून पडत नाही.
रेइनो म्हणाला, चार दिवस. फार तर पाच.

फावडी घालून उपटायला लागलो.
वरचा थर हिरवा, त्याखाली तपकिरी,
त्याखाली एक लाल,
ज्याची कांगसबाईंनाही खबर नव्हती.
डांबरी शिंगलांचे तीन थर, एकमेकांच्या उरावर.
दर वेळी कुणीतरी म्हटलं असणार,
उपटायचं कशाला, वरूनच ठोका.
वाळूचे कण कॉलरीतून पाठीवर उतरायचे,
रात्री आंघोळ करताना
माझ्या पायाशी एक काळा किनारा तयार व्हायचा.

दहाला खालून हाक यायची.
कॉफी, आणि वेलदोडा घातलेला गोड पाव.
ही कृती आजीच्या गावची, म्हणाल्या, फिनलंडची,
जिथे वेलदोडा उगवत नाही.

पाव खाऊन वर गेलो, फळ्या उचकटल्या
आणि खाल्ल्या घरचे वासे मोजले.
अक्षरशः. सव्वीस.
त्यातले धुराड्याजवळचे तीन कुजलेले,
बोट दाबलं तर आत जाईल असे.
हे सांगायला रेइनोनं मला धाडलं.
वाईट बातमीसाठी तो नेहमी
सगळ्यात लहान माणूस निवडतो.
कांगसबाई माडीवरच्या खोलीत होत्या,
गळतीखालची निळी बादली रिकामी करत.
तीनच ना? म्हणाल्या.
माझे गुडघे दोनच, आणि दोन्ही गेलेत.

उत्तरेचा उतार मात्र आम्ही उपटण्याआधी पाहत राहिलो.
सातव्या ओळीपासून शिंगलं
डावीकडे दोन बोटं उतरत गेलेली,
शाळेतल्या पोरानं कोऱ्या कागदावर लिहावं तशी.
व्हाइनोनं केलंय ते, कांगसबाई अंगणातून ओरडल्या.
कारखाना बंद पडला त्या उन्हाळ्यात. अख्खी आळी हसली.
तो म्हणायचा, मी सरळ आहे, घर वाकडं आहे.

आम्ही हसलो नाही. पण दोरी ताणली.
निळा खडू, एक टिचकी, झकास सरळ रेघ.
पाच ओळी ठोकून झाल्या
तेव्हा रेइनो उतरला, रस्ता ओलांडला
आणि टपालपेटीशी उभा राहून वर बघत बसला.
मीही गेलो.

आढं मधोमध बसलेलं.
वळचणीची एक कड उचललेली, जमीन खचल्यामुळे,
की पहिल्यापासूनच, देव जाणे.
आणि या सगळ्यावर आमच्या सरळ ओळी
पिऊन आलेल्या माणसाच्या टोपीसारख्या.

रेइनो फिनिशमध्ये एक शब्द बोलला,
जो तो चर्चच्या अंगणात बोलत नाही.
मग वर जाऊन बाहीनं खडू पुसला.
पाचही ओळी काढल्या.
डोळ्यानं लावू, म्हणाला.
दोन दिवस तो ठोकायचा, मी टपालपेटीशी उभा राहून
हातानं वर, खाली, थोडं खाली.
सातवी ओळ लागली तेव्हा
मी पट्टी लावून बघितली नाही.
बघायची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी गवतावरून चुंबकाची गाडी फिरवली.
आमचे चकचकीत खिळे, आणि सोबत
किती वर्षांपूर्वी कुणाच्या हातून सुटलेले
गंजून तांबडे झालेले सोळा.

रेइनोनं बिल दिलं, मग हमीपत्र. तीस वर्षं.
कांगसबाई एक्क्याऐंशीच्या.
चष्मा लावून सगळी कलमं वाचली,
एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक काढली,
आणि कागद माझ्यापुढे धरला.
तुझं वय काय? तेवीस?
मग हे तूच ठेव. गळलं तर तक्रार तू कर.

गाडीच्या कप्प्यात आहे तो अजून,
टायरच्या पावत्यांखाली.

निघताना विचारलं,
वरची बादली खाली आणून देऊ का?
राहू दे, म्हणाल्या.
आधी एक हिवाळा जाऊ दे.